नानांच्या नावाची मूठ

जिने नोकरीची सारी वर्षे इतरांनी लिहिलेली पुस्तके कपाटांत लावण्यात घालवली, तिने निवृत्तीनंतर स्वतः लेखणी उचलावी हा आगाऊपणाच आहे. त्याबद्दल आरंभीच क्षमा मागते. त्यातून ज्या विषयाला हात घालते आहे तो शरीरातल्या पेशींचा. आणि मी शिकले मराठी व ग्रंथालयशास्त्र. परंतु ज्या गृहस्थांविषयी लिहायचे आहे त्यांना मी त्यांच्या विद्यार्थ्यांपेक्षा अधिक ऐकले आहे, एवढे मात्र न संकोचता सांगू शकते. वर्ग तासाभरात सुटतो. ग्रंथालयात माणूस सायंकाळपर्यंत बसू शकतो, आणि ते बसत.

जळगावच्या आमच्या महाविद्यालयात ते प्राणिशास्त्र शिकवीत. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना ‘नाना’ म्हणत. मी रुजू झाले त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि सरळ अहिराणीत विचारते झाले, “कोनता गावनी शे तू, बहीण?”

“भुसावळची,” मी म्हटले आणि पुढच्या प्रश्नासाठी मन घट्ट केले. आमच्या बौद्ध घरांतल्या मुलांना तो प्रश्न लहानपणापासून ठाऊक असतो. गावानंतर आडनाव विचारतात आणि आडनावानंतर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो. नानांनी तो प्रश्न विचारलाच नाही. “भुसावळमा कथा? रेल्वे कॉलनीमा?” मी मान हलवली. “मंग तुले मालगाडीना आवाजबिगर झोप नही येत व्हई,” असे म्हणून ते पुस्तक घेऊन गेले.

पुढे ओळख वाढल्यावर मी धीर करून त्यांना याचे कारण विचारले. ते म्हणाले, “गाव इचारं का मानूस बोलाले लागस. आडनाव इचारं का चूप बसस. माले बोलनारा लागतस.”

त्यांच्या बोलण्याची एक तऱ्हा मी अन्यत्र कुठेही पाहिली नाही. सामान्यतः शिकलेला माणूस व्यासपीठावर प्रमाण मराठी बोलतो आणि संतापला की घरच्या बोलीवर घसरतो. नानांचे नेमके उलटे होते. शिकवताना, थट्टा करताना, चहा पिताना अहिराणी. आणि राग आला की निर्दोष, व्याकरणशुद्ध, प्रमाण मराठी. “महोदय, आपण कृपया वर्गाबाहेर जावे,” हे वाक्य कानी आले की मागच्या बाकावरचे दांडगटही वह्या गोळा करून दाराकडे निघत.

त्यांच्या रागाचा एक कायमचा विषय होता: ‘सैनिक’ हा शब्द. रोगप्रतिकाराच्या प्रकरणावर उत्तर लिहिताना मुले हमखास लिहीत, ‘पांढऱ्या पेशी हे आपल्या शरीराचे शूर सैनिक आहेत.’ नाना त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढून समासात विचारीत, ‘छावणी कोठे पाहिलीत?’

“नाना, पुस्तकात तसंच छापलंय,” एकदा एक मुलगा म्हणाला.

“पुस्तक लिखनारा कधी सोयरीक जमाडाले गया व्हता का?” नाना म्हणाले. “सैनिकले बोट दाखाडतस, हाऊ शत्रू. आठे बोट दाखाडनारा कोन शे? ओळखनं हेच काम शे. मारनं मंगनं.”

त्यांचा हा तास ग्रंथालयाला लागून असलेल्या खोलीत होई, त्यामुळे तो मला जवळपास पाठ आहे. ते मुलांना विचारीत, दार बंद आहे, आत जाता येत नाही, तर गल्लीला कसे कळते घरात काय शिजले ते?

“वासानं!” चाळीसगावची एक मुलगी एकदा म्हणाली.

“वांगानं भरीत व्हई तं वासनं समजी. पन नही तं? भांडा बाहेर घासाले टाकतस, ते देखीसन!”

मग ते समजावून सांगत. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत जे काही तयार होते त्याचे बारीक तुकडे सतत आपल्या दाराशी मांडून ठेवते. पहाऱ्याला निघालेली पेशी आत शिरत नाही. ती दारातला तुकडा चाचपते. तुकडा घरचा असेल तर पुढे जाते. विषाणूचा असेल तर ते घर राखता येत नाही. आतल्या पाहुण्यासकट पाडावे लागते. इथे नाना आवाज खाली आणत आणि म्हणत, “पाडं तरी घर आपलंच ऱ्हास बरं का.” एक पहारेकरी पेशी सगळेच तुकडे ओळखत नाही, तिला बहुधा एखादीच खूण ठाऊक असते. म्हणून वेगवेगळ्या खुणा जाणणाऱ्या अगणित पेशी फिरत असतात. ज्या एकीला ती खूण पटते ती मग स्वतःसारख्या अनेक पेशी घडवू लागते, आणि त्याला काही दिवस लागतात. तोवर आपण तापाने फणफणत अंथरुणावर पडलेले असतो. रोग गेल्यावर यातल्या थोड्या पेशी मागे राहतात, खूण लक्षात ठेवून. लस म्हणजे काय, तर आजार न होऊ देता ती खूण आधीच दाखवून ठेवणे. “मुलगा देखाना आगोदर फोटो धाडतस तशी,” नाना म्हणत, आणि मुली हसत.

या पेशींची शाळा आपल्या छातीच्या हाडामागे असते आणि लहानपणानंतर ती आटत जाते, ही गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली. त्या शाळेत दोन परीक्षा असतात. घरच्या खुणा वाचता येतात का, ही पहिली. येत नसतील तर नापास. घरच्यांवरच हात उगारतो का, ही दुसरी. उगारला तरी नापास. बहुतेक उमेदवार यातच गळतात, आणि थोडेच शरीरात फिरायला बाहेर पडतात.

“मंग आपलं कॉलेज बरं, नाना,” मागून कोणीतरी म्हणाले.

“म्हनीसनच तू आठे शे,” नाना फळ्याकडे तोंड करूनच म्हणाले.

असा हा माणूस एका दुपारी माझ्या समोरच्या खुर्चीत बसला, पाय चपलेत मावत नव्हते म्हणून चपला बाजूला काढून ठेवल्या आणि म्हणाला, “माझ्या पेशींची ओळख चुकली आहे.”

मला धसका बसला तो आधी वाक्याच्या अर्थाचा नव्हे, भाषेचा. ते प्रमाण मराठीत बोलत होते आणि रागावलेले नव्हते.

रोगाचे नाव लांबलचक होते. अर्थ मात्र त्यांनीच मला सोपा करून सांगितला. जंतूंना धरण्यासाठी शरीर जी प्रथिने तयार करते, तीच त्यांच्या मूत्रपिंडांच्या चाळणीत जाऊन साचली होती, आणि त्या प्रथिनांच्या मागावर आलेल्या पेशींनी ती चाळणीच जाळून टाकली होती. बाहेरचा शत्रू कोणी नव्हता. नापास व्हायला हवे होते असे काही उमेदवार पास होऊन बाहेर पडले असावेत, एवढेच नाना म्हणाले. औषधांनी वर्ष-दोन वर्षे रेटले. पुढे आठवड्यातल्या ठरल्या दिवशी यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यावे लागू लागले. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की दुसऱ्याची किडनी मिळाली तर बरे. यंत्रावर शरीर फार काळ साथ देणार नाही, कारण हृदयही थकत चालले होते.

काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मधुमेह होता. नानांचे थोरले भाऊ आबा धरणगावजवळच्या मूळ गावी राहत. त्यांचे वय आडवे आले. उरली एकुलती एक लेक. ती धुळ्याला दिलेली, तिथेच एका शाळेत शिक्षिका. रक्तगट जुळत होता, प्रकृती ठणठणीत होती, जावयांची संमती होती. नाना नाही म्हणाले.

त्यांचे ‘नाही’ समजण्यासाठी एक सवय सांगितली पाहिजे. लेकीच्या सासरी बापाने पाणीसुद्धा पिऊ नये, ही आपल्याकडची जुनी रीत अनेक घरांनी केव्हाच सोडली. नानांनी सोडली नव्हती. धुळ्याला जाताना ते जळगावहून पाण्याची बाटली भरून नेत आणि लेकीच्या बैठकीत ती मांडीवर घेऊन बसत. नातवंडे पाठीमागे हसत. “नाना, हे कोणत्या शास्त्रात बसतं?” असे मी एकदा विचारले होते. “शास्त्रमा नही बसत. माले बी माहीत शे,” ते म्हणाले होते. “पन घोट उतरत नही.” ज्याच्या घशाखाली लेकीच्या घरचे पाणी उतरत नव्हते, त्याच्या पोटात तिची किडनी बसवायची होती.

आषाढाच्या अखेरीस ती स्वतःच ग्रंथालयात आली. वडील इथेच सापडतील हे तिला माहीत होते. उभ्या उभ्याच म्हणाली, “नाना, रिपोर्ट आला. निगेटिव्ह आहे.”

मी दचकले. तिच्या ते ध्यानात आले असावे, माझ्याकडे वळून तिने सांगितले, “चांगलं आहे, मावशी. माझ्या पेशी यांच्या रक्तातल्या द्रवात टाकून बघतात. मारून टाकल्या तर किडनी चालत नाही. यांच्या रक्तानं माझ्या पेशींना काही केलं नाही.”

“रक्ताचा नमुना डॉक्टरांनी नेहमीच्या तपासणीसाठी घेतला, असे मला वाटले होते,” नाना म्हणाले. प्रमाण मराठी.

“डॉक्टरांनी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्ही ऐकत नव्हता.”

“हे शक्य नाही, माय. लेकीचे घेऊ नये.”

“का? निम्मी मी तुमचीच आहे, हे तुम्हीच शिकवता ना फळ्यावर?” ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. “तुम्हाला आजार कशानं झाला? आपलं कोण ते शरीराला ओळखू आलं नाही म्हणून. आणि आता डोक्यानंही तेच करताय. पेशींना निदान शाळा लहानपणी संपल्याचं निमित्त आहे.”

नानांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “कानबाई व्हई जाऊ दे. मंग देखू.” अहिराणीत म्हणाले, म्हणून मला आशा वाटली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. त्यासाठी सारे भाऊबंद मूळ घरी जमतात आणि देवीसाठी रोट, म्हणजे नैवेद्याच्या गव्हाच्या पोळ्या, करतात. रोटांचे गहू काढताना कुळातल्या एकेकाच्या नावाने सव्वा मूठ परातीत घालायची. तो रोट कुळाबाहेर जात नाही. नानांच्या कुळात परणलेल्या लेकीलाही तो देत नसत, कारण लग्नानंतर तिचे कूळ बदलले.

गहू काढण्याच्या दिवशी मी नानांच्या मूळ घरी होते. नाना अशक्त झाले होते आणि गाडीत काकूंच्या सोबतीला कोणीतरी हवे होते. लेकही धुळ्याहून थेट तिथे आली. आबांनी मला मोठ्या अदबीने सांगितले, “ताई, आठे ओटावर बसा. राग नका मानू, परातले तेवढा हात नका लावू.” हात तर त्यांच्या पुतणीलाही लावायचा नव्हता. आम्ही दोघी एकाच ओट्यावर बसलो.

आबा एकेक नाव घेत मूठ घालू लागले. नानांचे नाव आले तेव्हा नाना भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, “थांब, आबा. मनी मूठ टाकाना आगोदर मनी आंडेरनी टाक.” आंडेर म्हणजे लेक.

“भानवर शे का तू?” आबा म्हणाले. “ती धुळानी. तिना रोट तिना सासरले.”

“तिनी किडनी मना पोटमा येनार शे. मी रोट खासू तं ती किडनी बी खाई. मंग तू तिले आडावशी कसा?”

आत पुरणाची तयारी करणाऱ्या बायका हात थांबवून ऐकू लागल्या. आबा शेतकरी माणूस. त्यांनी घाई केली नाही. खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, “तुना पोटमा काय जाई ते जाऊ दे. मी परात देखस, पोट नही.”

बायका खो-खो हसल्या. मलाही हसू आवरेना. नानांचा चेहरा मात्र ताठ झाला आणि ते म्हणाले, “आबा, आपण विषय समजून घेत नाही आहात. तिला कुळात घेतले तरच मला तिच्याकडून काही घेता येईल. अन्यथा मी शस्त्रक्रियेला संमती देणार नाही.”

थोरल्या भावाशी ते या भाषेत जन्मात पहिल्यांदा बोलत असावेत. आबांच्या मुठीतले गहू मुठीतच राहिले. आता एका माणसाचे जगणे परातीवर येऊन थांबले आहे, हे तिथल्या प्रत्येकाला कळले.

माझ्या शेजारून लेक उठली. “नाना, पुरे. मला रोट नको.”

“तुले समजत नही, माय. रोट खादा तं तू आपली. मंग माले घेता यी.”

“समजतंय, म्हणूनच नको.” तिचा आवाज चढला नव्हता. “आधी मला कुळात ओढायचं आणि मग माझ्याकडून घ्यायचं. म्हणजे घेतलं ते स्वतःचंच, असं म्हणायला तुम्ही मोकळे. तसं मी देणार नाही. निम्मी परकी आहे मी. डॉक्टर काय म्हणाले? जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, तुमच्या पेशींनी माझ्या किडनीला हात लावू नये म्हणून. शरीराला जे परकं ते परकंच राहणार, आणि तरी त्याला नांदवायचं. ते गोळ्या करतील. तुम्ही काय करणार?”

तिने पिशवीतून बाटली काढली, काकूंकडून पेला मागून घेतला आणि भरून त्यांच्यापुढे धरला.

“हे धुळ्याचं. आमच्या नळाचं. आधी हे उतरतं का बघा.”

नानांनी पेला हातात घेतला, ओठाला लावेनात. मी त्यांच्या गळ्याच्या घाटीकडे पाहत होते. अखेर आबाच बोलले. “पी रे भो. कानबाई देखी ऱ्हायनी.”

ते प्यायले. डॉक्टरांनी त्यांना पाणी घोटाघोटाने, मोजून घ्यायला सांगितले होते. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला. “अहो, बस! पाय सुजतील!” काकू आतून ओरडत धावल्या. नानांनी तोंड पुसले. “मचूळ शे,” ते लेकीला म्हणाले. “जळगावनं बरं.”

“मग जळगावला जाऊन प्या. पण संमती द्या.”

दसऱ्यानंतर नाशिकच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. बापलेक दोघेही सुखरूप आहेत. तिची किडनी त्यांच्या पोटात, आपल्या जागी नव्हे तर पुढे, कंबरेच्या खळग्यात बसवली आहे. नाना तिथे हात ठेवून बोलतात. तोंडाला पट्टी लावतात, गर्दीत जात नाहीत, कारण पहारा मुद्दाम सैल केलेला आहे आणि साधे पडसेही त्यांना महाग पडू शकते. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा खिडकीच्या आतून, मला खिडकीबाहेर उभे करून, त्यांनी त्या गोळ्यांचे काम समजावून सांगितले. “मध्यस्थले, म्हंजे पहारानी पेशीले, सांगेल शे, दिसनं तरी बोलू नको.” मी विचारले, औषध कधी थांबेल? “कधीच नही,” ते म्हणाले, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. धुळ्याला ते आता जातात. बाटली नेतात की नाही हे मी विचारलेले नाही. लेकीने आपण होऊन सांगितले की परवा त्यांनी तिच्या हातच्या शेवभाजीला नावे ठेवली.

यंदाच्या श्रावणात गर्दीच्या भयाने नाना गावी गेले नाहीत. गहू काढण्याच्या दिवशी सकाळी मला आबांचा फोन आला. त्यांनी मला पूर्वी कधीही फोन केला नव्हता.

“ताई, तवय मी सांगं व्हतं, मी परात देखस, पोट नही,” ते म्हणाले. “आज नानाना नावनी मूठ भराले बसनू तं हात थांबी गया. आते सांगा, ही मूठ याना एकलानी का दोन्हीसनी?”

“आबा, मी तुमच्या कुळाची नाही. मी काय सांगणार?”

“कुळना बठ्ठासले इचारी लिधं. ज्यानं त्यानं येगळं सांगं. म्हनीसन कुळबाहेरना मानूसले इचारस.”

विचार करून सांगते, असे म्हणून मी फोन ठेवला. आबांनी नंतर काय केले ते मला ठाऊक नाही, आणि माझे उत्तर त्यांना अजून गेलेले नाही. पुस्तकांत मिळण्याजोगे ते नाही, एवढे मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून खात्रीने सांगते. म्हणून आपल्यालाच विचारते: त्या परातीपुढे आपण बसला असता, तर ती मूठ कोणाच्या नावाने घातली असती?